जुन्या सायकलला मोटर बसवताना: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

माझी पहिली बॅटरी सायकलवर चढायच्या आधीच धुरली. वारज्याच्या फ्लॅटची गॅलरी, रविवारची दुपार, हातात बीएमएसची (बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटची) सॉकेट. ती खटकन बसली आणि पुढच्या सेकंदाला जळक्या प्लास्टिकचा वास आला. आई बादली घेऊन दारात उभी. नुकसान म्हणाल तर एका बीएमएसचं आणि घरातल्या माझ्या इज्जतीचं. बीएमएस आठवड्यात नवा आला.

त्यानंतर तीच सायकल धड बनवली. वारजे ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन रोजचे साधारण वीस किलोमीटर ती करते. मित्र विचारतात, ‘मला पण बनवायची आहे, काय काय घेऊ?’ प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. हे पायडलच्या सायकलला २५० वॅटची मोटर बसवण्याबद्दल आहे. पेट्रोल स्कूटर इलेक्ट्रिक करण्याचा मामला वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी.

१. पाना उचलण्याआधी नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या व्याख्येनुसार बॅटरीवर चालणारं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही, म्हणजे त्याला नंबर प्लेट, लायसन्स लागत नाही. पण त्याला अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची पॉवर (अर्धा तास सलग देता येईल एवढी) २५० वॅटच्या आत हवी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंतच हवं. पायडल असिस्टच्या, म्हणजे पाय मारताना मोटर मदत करते अशा सायकलीत वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन पंचविसाला बंद व्हायला हवी.

इथे एक मेख आहे, जी किट विकणारा सांगत नाही. ही सूट ‘मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या’ वाहनाला आहे. घरी बनवलेल्या एकट्या सायकलीकडे तसं प्रमाणपत्र नसतं. गंमत म्हणजे अशी चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच कोथरूडला, वेताळ टेकडीवर आहे. अर्धं पुणं सकाळी तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातं. निदान मर्यादा तरी ओलांडू नका. ‘साहेब, हजार वॅटची घ्या, पन्नासने पळते’ असं दुकानदार म्हणाला तर हसून पुढे व्हा. ती मोटर लावलीत की तुमची सायकल म्हणजे नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन. कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून जाणार.

२. किती पळवायची आहे याचा हिशोब

कागद-पेन घ्या. पायडल मारत, मोटरची मदत घेत गेलात तर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-अवर लागतात (हजार वॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट). नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पाय न मारता हँडलवरच्या ॲक्सिलरेटरने, १५ धरा. माझे रोजचे वीस किलोमीटर, म्हणजे बाराच्या हिशोबाने २४० वॅट-अवर. बॅटरी रोज तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून वर थोडी शिल्लक. मी ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवरचा पॅक केला. गुणाकार ३७४ वॅट-अवर. घरी चार्ज करायला अर्ध्या युनिटच्याही आत वीज जाते, तेव्हा बिलाची काळजी सोडा.

आता चढ. पुण्यात कुठेही राहा, चढ चुकत नाही. तुम्ही आणि सायकल मिळून शंभर किलो, पाच टक्के चढ आणि ताशी १५ चा वेग धरला, तर नुसतं वर चढवायलाच २०० वॅटच्या वर लागतात. मोटर पाठीशी असते, खांद्यावर घेत नाही. पौड रोडने चांदणी चौकाकडे जाताना पाय मारावेच लागतील. ज्यांना पाय मारायचेच नाहीत त्यांनी शोरूममधली स्कूटर घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

३. सायकल निवडा, हौस बाजूला ठेवा

आजोबांची काळी, सळीच्या ब्रेकची सायकल दिसायला देखणी असते, पण तिला मोटर बसवू नका. सहा-सात किलो वजन वाढतं आणि वेग सतत वीस-बावीसचा राहतो. ओल्या रस्त्यावर ते सळीचे ब्रेक लावले की सायकल तिच्या मर्जीने थांबते. डिस्क किंवा चांगले व्ही-ब्रेक हवेतच.

मोटर पुढच्या चाकात बसवणं नवशिक्याला सोपं. गिअर, चेन कशालाच हात लागत नाही. पण पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) लोखंडी, एकसंध हवा. ॲल्युमिनियमच्या सस्पेन्शनच्या चिमट्यात एक्सलच्या खाचेला तडा जाऊ शकतो. त्यात चाक निखळलं तर तोंडावर पडण्याखेरीज दुसरा पर्याय राहत नाही. चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर मोटर मागच्या चाकात घ्या. थोडी खटपट जास्त, पण घ्याच.

चाकाच्या मध्यात बसणारी ही हब मोटर दोन प्रकारची मिळते, गिअरवाली आणि थेट. आपल्या चढांसाठी गिअरवाली. ती हलकी असते आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं, बॅटरी संपली तरी सायकल ओढल्यासारखी वाटत नाही.

४. सामान, आणि ते कुठे मिळेल

— रिममध्ये आऱ्या भरून आलेली ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर
— १४-१५ अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा डबा), थ्रॉटल, पायडल सेन्सर, दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर
— टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून धरून ठेवणारी पट्टी (किटमध्ये नसेल तर वेगळा घ्याच)
— बॅटरी पॅक आणि ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा लिथियम चार्जर
— एक्सटी-६० कनेक्टर, २० अँपिअरचा फ्यूज, १४ गेजची सिलिकॉन वायर
— बरा मल्टिमीटर
— बिलं. सगळ्यांची, सेलची तर नक्कीच

मीटर, वायर, श्रिंक ट्यूब, कनेक्टर या सगळ्यासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत चक्कर मारा. वॉशर, नट, पाने रविवार पेठेत. दुचाकीचे सुटे भाग, रबरी ग्रोमेट, केबल क्लिप नाना पेठेत मिळतात. जाताना सायकलचा एक्सल नट खिशात ठेवा. ‘असाच पण थोडा मोठा’ हे वर्णन पेठेत चालत नाही, आणि दुपारी एक ते चारमध्ये तर कुठलंच वर्णन चालत नाही.

मोटर-कंट्रोलरचं किट मला साडेआठ हजारांत पडलं. मीटरवर मात्र दोनशे रुपये वाचवू नका. पुढचं सगळं त्याच्या जिवावर आहे.

५. मोटर बसवणे

नेहमीच्या सायकलीत एक्सल स्थिर असतो, चाक त्याच्याभोवती गरागरा फिरतं, एक्सलला पिळणारा जोर येत नाही. हब मोटरमध्ये मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सलला मागे पिळते. त्या पिळाला अडवतात फक्त एक्सलच्या दोन सपाट बाजू आणि चिमट्याची खाच. खाच झिजली किंवा नट सैल झाला की एक्सलच फिरतो. तारा एक्सलमधूनच बाहेर येत असल्यामुळे त्या पिळवटून तुटतात.

हे मला कसं माहीत? टॉर्क आर्म ‘नंतर लावू’ म्हणून टेबलावर ठेवला होता. चांदणी चौकाच्या चढावर कट्‌ असा आवाज आला, मोटर बंद. खाली वाकून पाहिलं तर काळ्या केबलचा दोरखंड झालेला, आतून पिवळी तार डोकावतेय. तिथून घरापर्यंत सायकल हातात धरून आणली. उतार होता एवढंच नशीब.

म्हणून क्रम असा. एक्सल खाचेत पूर्ण तळाला बसतोय का बघा. बसत नसेल तर कानशीने रंग घासा, लोखंड नाही. टॉर्क आर्म चिमट्याला घट्ट आवळा, मग वॉशर, मग नट. केबल एक्सलमधून जिथे बाहेर येते ते तोंड खालच्या दिशेला ठेवा आणि केबलला खाली झोळ देऊन मग वर न्या. पावसाचं पाणी झोळाच्या टोकाला ठिबकून जातं, मोटरमध्ये शिरत नाही.

तारांची जोडणी सोपी असते. तीन जाड तारा फेजच्या, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या (पिवळी, हिरवी, निळी), आणि पाच बारीक हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर फिरून कुठे आली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या. रंगाला रंग लावा. तरी चाक थरथरलं किंवा उलटं फिरलं, तर बऱ्याच कंट्रोलरवर दोन पांढऱ्या तारा असतात. चाक अधांतरी ठेवून त्या जोडल्या की कंट्रोलर स्वतःच क्रम शोधतो. चाक नीट फिरू लागलं की त्या सोडवून टेप लावा. ब्रेक लिव्हर दाबल्यावर मोटर क्षणात थांबते का, हे सायकल उलटी असतानाच बघा. ते चालत नसेल तर रस्त्यावर जायचं नाही.

६. बॅटरी: आधी विकत घ्या, मग बनवा

माझं सरळ मत आहे, पहिल्या सायकलला तयार पॅक घ्या. बिल देणाऱ्या, बीएमएस कुठला ते सांगणाऱ्या माणसाकडून. सायकल सहा महिने चालवा. बॅटरी किती तापते, चढावर व्होल्टेज किती खाली जातं हे कळू द्या. मग दुसरा पॅक हाताने बनवा. मी उलटं केलं, त्याची कथा वर आलीच आहे.

मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्या वर्षी अशा घटना लागोपाठ झाल्या आणि सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीसुरक्षेचं मानक कडक केलं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. कंपन्यांच्या बॅटऱ्यांना एवढ्या चाचण्या लागतात, आपली तर गॅलरीत बनलेली. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सेलपासून सुरुवात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा नळकांडी सेल. भरल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६, आणि तीनच्या खाली नेऊ नये. या आकारात खरी क्षमता जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएचच्या (मिली-अँपिअर-अवर, म्हणजे साडेतीन अँपिअर-अवर) आसपास जाते. बाजारात ९९०० एमएएच छापलेला सेल मिळतो. तो हातात घ्या, हलका लागेल. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराचा नको, किचनचा डिजिटल काटा पुरतो. दुसरा सापळा जुन्या लॅपटॉपच्या सेलना नवं आवरण चढवून विकण्याचा. आवरण चकचकीत, पण टोकाच्या पत्र्यावर जुन्या वेल्डचे ठिपके किंवा घासल्याच्या खुणा दिसतात.

चाळीस सेल एका दिवशी, एका बिलावर, एकाच बॅचचे घ्या. प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून मार्करने त्याच्यावर लिहा. आठवडाभर कपाटात ठेवा आणि परत मोजा. माझ्या चाळिसातले अडतीस जिथल्या तिथे होते, दोन खाली घसरले होते. ते दोन तेव्हा वापरले असते तर अख्खा पॅक त्यांच्या पायात पाय अडकून पडला असता.

लिथियममध्येच लोखंड-फॉस्फेटचे (एलएफपी) सेलही मिळतात. जड असतात, जागा जास्त खातात, पण उष्णतेला जास्त सोसतात आणि जास्त वर्षं टिकतात. कॅरिअरवर डबा ठेवायला जागा असेल तर मी आज तेच घेईन. फक्त त्यांचा बीएमएस आणि चार्जर वेगळा असतो, तो त्यांचाच घ्यायचा.

७. सेल जोडणे

दहा सिरीज, चार पॅरलल. म्हणजे चार-चार सेलचे दहा गट, आणि ते गट एकापुढे एक. भरल्यावर ४२ व्होल्ट. कंट्रोलरने १५ अँपिअर ओढले तर प्रत्येक सेलच्या वाट्याला पावणेचार येतात. सेलच्या माहितीपत्रकात तेवढा सततचा करंट लिहिलेला आहे ना, हे घेण्याआधी बघा.

काम सुरू करण्याआधी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सेलला चालू-बंद बटण नसतं, तुम्ही जोडत जाल तसा पॅक जिवंत होत जातो.

सेलचं बाहेरचं पूर्ण नळकांडं ऋण असतं. धन टोकाचं बटण आणि त्या नळकांड्याची कड यात जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं अंतर, मध्ये फक्त पातळ आवरण. ते घासून फाटलं की थेट शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर कागदी इन्सुलेशनची रिंग चिकटवायची. चाळीस रिंगा चिकटवायला मला एक क्रिकेट मॅच लागली.

पट्टी शुद्ध निकेलची हवी. लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली पट्टी स्वस्त मिळते, ती तापते आणि पावसाळ्यात गंजते. चुंबकाने फरक कळत नाही, चुंबक दोन्हीला चिकटतो. तुकड्यावर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर दुकानदाराला परत द्या.

जोड स्पॉट वेल्डिंगचाच, म्हणजे क्षणभर मोठा करंट देऊन ठिपक्यापुरती पट्टी चिकटवायची. सेलला थेट सोल्डर करू नका, उष्णता आत जाऊन सेल बिघडतो. मशीन नसेल तर सेल मांडून, रिंगा लावून, एखाद्या बॅटरीवाल्याकडून वेल्ड करून घ्या. आधी एका बाद सेलवर वेल्ड मारून पट्टी पक्कडीने ओढून बघायची. पट्टी फाटून ठिपके सेलवर चिकटून राहिले तर वेल्ड पक्का. सोलल्यासारखी अलगद निघाली तर कच्चा.

८. बीएमएस, आणि माझा धूर

बीएमएस म्हणजे पॅकचा चौकीदार. एखादा गट जास्त भरला, जास्त उपसला गेला, करंट मर्यादेबाहेर गेला की तो वाट तोडतो. त्याला अकरा बारीक तारा लागतात. एक पॅकच्या ऋण टोकाची, आणि मग प्रत्येक गटाच्या धन टोकाची एकेक.

आधी बीएमएसची जाड ऋण तार पॅकच्या ऋण टोकाला जोडायची. मग अकरा तारा पॅकला सोल्डर करायच्या, पण सॉकेट बीएमएसमध्ये खोचायची नाही. आता मीटरचं काळं टोक पहिल्या पिनवर ठेवा आणि लाल टोक पुढे सरकवत जा. गट ३.७ वर असतील तर आकडे असे चढले पाहिजेत: ३.७, ७.४, ११.१, १४.८, १८.५, २२.२, २५.९, २९.६, ३३.३, ३७.०. प्रत्येक पायरी सारखी.

माझ्या सॉकेटवर २२.२ नंतर २९.६ होते आणि मग २५.९. सातव्या आणि आठव्या गटाच्या तारांची अदलाबदल झाली होती. हे मला नंतर कळलं, कारण मी मोजलंच नव्हतं. तारा तर नीट लावल्यासारख्या दिसत होत्या! दोन मिनिटांची मोजणी टाळली आणि बीएमएस गेला. पॅक वाचला हे माझं कर्तृत्व नाही.

आकडे बरोबर आले की सॉकेट खोचा, फ्यूज धन तारेवर पॅकच्या जवळ लावा, आणि बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या पिनांचा कनेक्टर ठेवा. म्हणजे चुकून किल्लीला लागून ठिणगी पडायची नाही. पॅकला कागदी इन्सुलेशन, मग पीव्हीसी श्रिंक, मग पक्का डबा. डब्यात पॅक हलता कामा नये. कर्वे रोडवरचे खड्डे त्याला रोज हलवून बघणारच आहेत.

९. चार्जिंग आणि घरचे

चार्जर लिथियमचाच, ४२ व्होल्टचाच. इन्व्हर्टरच्या किंवा लेड-ॲसिडच्या चार्जरला ‘व्होल्टेज जवळपास तेच आहे’ म्हणून लावू नका. दोन अँपिअरने पाच-साडेपाच तास लागतात, त्यामुळे रात्री लावून झोपायचा मोह होतो. झोपू नका. संध्याकाळी आल्यावर लावा, जेवणं होईपर्यंत बरंचसं काम होतं.

बॅटरी घराच्या मुख्य दारात किंवा जिन्यात कधीच चार्ज करायची नाही. काही झालंच तर बाहेर पडायची वाट तीच असते. गॅलरी, खाली फरशी, आसपास पडदा-गादी काही नाही. उन्हातून आलेली गरम बॅटरी अर्धा तास निवू द्या, मग लावा. पॅक फुगला, वास आला किंवा हाताला चटका बसेल इतका तापला तर त्याला परत चार्ज करू नका. धूर येऊ लागला तर हात न लावता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

गावाला जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून जा. आयुष्य संपलेले सेल घंटागाडीत टाकू नका. टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ ते सांगतातच, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल काय करेल याची कल्पना करा.

१०. पेट्रोल स्कूटरचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बाबांची जुनी स्कूटर पडून आहे, इंजिन काढून मोटर टाकली तर? सायकलीसारखं घरी करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. त्यासाठी चाचणी संस्थेने मान्यता दिलेलं किट लागतं, ते तुमच्याच मॉडेलसाठी मान्य असावं लागतं, आणि ते बसवणाराही अधिकृत हवा. मग आरटीओत आरसीवर इंधनाच्या जागी बदलाची नोंद.

जाण्याआधी आरसी, चालू विमा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, किटच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि बिल एका फायलीत लावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं ऑफिस, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. पैसे देण्याआधी किटवाल्याकडून प्रमाणपत्र हातात घेऊन मॉडेलचं नाव वाचा. ‘अप्रूव्हल येतंय, पंधरा दिवसांत’ हे उत्तर मी एका ठिकाणी सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ऐकलं आहे. आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

११. पहिले शंभर किलोमीटर

पहिल्या दिवशी सोसायटीच्या आवारातच दहा चकरा. मग जवळचा सपाट रस्ता. चढ त्यानंतर. प्रत्येक चकरेनंतर कंट्रोलर, कनेक्टर आणि मोटरच्या केबलला हात लावून बघा. कनेक्टर गरम लागला तर सोल्डर कच्चा आहे. पन्नास किलोमीटरनंतर एक्सलचे नट आणि आऱ्या परत आवळा. नव्या रिमच्या आऱ्या हमखास सैल होतात. आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका चाक फिरवून नुसत्या आवाजावरून सैल आरी सांगतात. मोटरचं चाक बघून आधी म्हणाले, ‘हे काय कुकर बसवलंय?’ आता दर महिन्याला मीच त्यांच्याकडे नेतो, वीस रुपये घेतात आणि कुकरची चौकशी करतात.

पावसाळ्यात सायकल चालवा, पण प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. साचलेल्या पाण्यात मोटर बुडत असेल तर उतरा आणि फुटपाथवरून ढकलत न्या.